लाल दोरा

पन्नास कपडे.
प्रत्येकाच्या आतल्या शिवणीत, कुणाच्या नजरेत येणार नाही असा
वीतभर लाल दोरा.
लांब टाका म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक.
दांडिया बाजारातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
तीन रात्री मी हेच करत बसले
आणि आई म्हणाली, पीएचडी करतेयस की फॉल-पिको?

प्रबंधाचं नाव दोन ओळींचं,
त्यात 'शाश्वत' दोनदा.
प्रश्न साधा होता: घरातून निघालेला कपडा जातो कुठे,
आणि किती दिवस कपडाच राहतो.

कंकूबेन बोहारीण गुरुवारी यायची.
डोक्यावर टोपली, टोपलीत स्टील,
खांद्यावर गाठोडं, सकाळी हलकं, दुपारी जड.
उंबऱ्याबाहेर बसून कपडा उन्हाकडे धरायची,
दोन्ही अंगठ्यांनी काखेची शिवण ताणायची.
कापड काय बोलतं ते तिलाच ऐकू यायचं.
"आ तो गयो, बेन."
दोन साड्या, तीन पँटी, एक चादर: एक पातेली.
झाकण हवं असेल तर अजून एक शर्ट.
आणि तो शर्ट मी निवडायचा नाही, ती निवडणार.

मग शुक्रवारचा बाजार. पहाटे पाच, बॅटरीचा उजेड,
ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून
मी कॉलरी उलट्या करत फिरले चार महिने.

नऊ नंबर गोधडीत सापडला, तिसऱ्या थरात.
बावीस मकरपुऱ्याला, लेथवर तेल पुसायला.
कॉलर शाबूत होती. "कॉलर काढत नाही," हितेश म्हणाला,
"कोपऱ्यातलं तेल तिनंच निघतं."
अठ्ठेचाळीस, माझाच कॉलेजातला पिवळा कुडता,
फतेगंजच्या पुलाखाली एका मुलीच्या अंगावर, बाह्यांशिवाय.
बाह्या तिच्या धाकट्या भावाच्या पायांत होत्या,
नाडी घालून.
त्यांत टाका नव्हता. तरी मी नोंद केली,
अठ्ठेचाळीस अ.

एकोणीस सापडले. एकतीस नाही.
"गळती," सर म्हणाले, चष्मा न काढता.
"बासष्ट टक्के. म्हणजे पद्धतीतच खोट आहे."
आलेखात गळती करड्या रंगात दाखवतात.
माझा आलेख बहुतेक करडा होता.

मी कंकूबेनच्या घरी गेले.
तिनं चहा बशीत ओतला, माझ्याकडे सरकवला,
मग फळीवरून तंबाखूची डबी काढली.
आत आइसक्रीमची काडी, काडीला गुंडाळलेला
माझा लाल दोरा.
सगळा. सतराचा, तेहतिसाचा, चाळिसाचा,
आकडे उसवून एकमेकांत मिसळलेले.
आतून टाका दिसला की गिऱ्हाइकाला वाटतं
कपडा फाटला होता, रफू केलाय. भाव पाडतं.
म्हणून ती बसून एकेक काढायची, नखानं.
"मग टाकून द्यायचा," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.
"दोरो सारो हतो, बेन. फेंकी थोडो देवाय?"
बटण लावायला वीतभर पुरतो.
बटण असलेला शर्ट दहा रुपये जास्त खातो.

पुढच्या शुक्रवारी मी शिवणी उलटल्या नाहीत.
नुसती चालले, बटणं बघत.
एका निळ्या चौकड्यावर दुसरं बटण लाल दोऱ्याचं,
एका शाळेच्या गणवेशावर चौथं.
हे कोणते नंबर, आता सांगता येणार नाही.
रकान्यात काय लिहायचं तेही ठरत नव्हतं.

सरांनी मसुदा परत पाठवला: नव्यानं लिहा.
गुरुवारी तो गठ्ठा दाराशीच पडला होता.
कंकूबेननं अंगठ्यानं पानं फरफरवली,
एक पान उन्हाकडे धरलं.
एका बाजूनं कोरी. भजियावाला घेईल.
"दोन चमचे," ती म्हणाली.

मी म्हणाले, एकशे चाळीस पानं आहेत, कागद बघ.
बरीच घासाघीस झाली.
तीन दिले.